नाताळची रात्र आणि राहिलेली एक माफी



'शाळेतली एखादी आठवण सांगा,' असं संयोजकांनी कळवलं. आठवणी पुष्कळ आहेत. पण एक हिशेब चाळीस वर्षं बाकी आहे. तो आज चुकता करतो.

मी आठवीत वसईला आलो. वडील एसटीत कंडक्टर, सातारा भागातून बदली झालेली. पहिल्याच दिवशी मी 'व्हय' म्हणालो आणि सगळा वर्ग हसला. ते हसू दुसऱ्यावर ढकलायची युक्ती मला लवकरच सापडली. माझ्या बाकावरचा मित्र घरी कादोडी बोलायचा. वर्गात बोलताना त्यातले दोन-चार शब्द निसटायचे. मी त्याची नक्कल करू लागलो. वर्ग त्याला हसू लागला, मला विसरला. हळूहळू तो उत्तरं देईनासा झाला. बाईंनी विचारलं की मान खाली. का, ते मला ठाऊक होतं.

१९८४चा डिसेंबर. आईचं ऑपरेशन झालेलं, ती मुंबईला इस्पितळात आणि वडील तिच्यापाशी. घरात मी आणि सहा वर्षांची बहीण. २४ तारखेची संध्याकाळ, घराघरांवर तारे लागलेले, आणि बहीण ओट्यावर बसून आईसाठी रडत होती. तेवढ्यात सायकलवरून हाच मित्र आला. त्याची आई बाजारात भाजी विकायची. तिला आमची खबर तिथेच लागली होती. "आईने दोघांना जेवायला बोलावलंय," एवढंच तो म्हणाला.

केळीच्या वाडीतलं त्यांचं घर. पडवीत बाळ येशूचा गोठा मांडलेला, भोवती परातीत नाचणी पेरून उगवलेली हिरवळ. बहीण रडं विसरून ओरडली, "दादा, आपल्या नवरात्रातल्या घटासारखं!"

लाल लुगड्यातल्या आजीने मला काहीतरी विचारलं. मला अक्षर कळेना. मित्र अर्थ सांगू लागला, जराही न अडखळता. त्या घरात अडाणी मी होतो! गोंधळून मी 'व्हय' म्हणालो. आजी खळखळून हसली आणि मला तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावला. त्या शब्दाची लाज तिथे गेली.

मध्यरात्रीच्या मिस्सेला आम्हीही गेलो. गाणी मराठीत होती, त्यामुळे परकं वाटलं नाही. बहीण आजीच्या मांडीवर शांत झोपली. सकाळी त्याच्या आईने हातात डबा दिला. आत करंज्या होत्या, आमच्या दिवाळीतल्यासारख्याच.

त्या दिवसापासून माझी नक्कल थांबली. आई बरी होऊन घरी आली, मैत्रीही जमली. माफी मात्र राहून गेली. २०२० साली आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा अभिनंदन करायला मी या मित्रालाच फोन केला. तेव्हाही ओठांवर आलेलं गिळलं आणि गुडघेदुखीवर बोलत बसलो.

आज तो तिसऱ्या रांगेत बसला आहे. मित्रा, माझ्यामुळे तू वर्गात गप्प झालास. चुकलं माझं. आणि ते ठाऊक असूनही त्या संध्याकाळी तू सायकल काढलीस, हे मी विसरलेलो नाही.

आजी आता नाहीत. पण आमच्या घरी दर डिसेंबरला परातीत नाचणी पेरली जाते. यंदा पेरायला तू ये.