थांबलेल्या चाकाची मजुरी



या व्यासपीठावरून आपण विद्वानांना ऐकत आला आहात. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण ट्रकच्या केबिनमध्ये आणि नगरपालिकेच्या वाचनालयात झाले. तेव्हा पांडित्याची अपेक्षा आपण ठेवू नये. ज्या धंद्यात आधी क्लीनर, मग चालक आणि पुढे संघटनेचा कार्यकर्ता म्हणून माझी हयात गेली, त्यातील एकच गोष्ट मी आज सांगणार आहे.

मालट्रकचा चालक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोलकात्याच्या वाटेला लागलेला, आठ आठ दिवस घर न पाहणारा माणूस उभा राहतो. पण आमच्या खामगावात, मलकापुरात, नांदुऱ्यात आणखी एक चालक आहे, तो गाव सोडतच नाही. अडतीवरची पोती वखारीत, जिनिंगमधल्या गठाणी गोदामात, मालधक्क्यावर रेक लागला की खत दुकानदाराच्या कोठारात, अशा त्याच्या खेपा चालतात. एका खेपेला दहा किलोमीटरही होत नाहीत. लोक म्हणतात, "तुमचे बरे आहे, रात्री घरी जेवता." मी एवढेच विचारतो, कोणत्या रात्री?

कारण या माणसाचा दिवस रस्त्यावर जात नाही, तो फाटकापुढे जातो. सकाळी सातला गाडी रांगेत लागते. आधी नंबर, मग भरल्या गाडीचा काटा. काट्याची पावती झाली की ताडपत्री सोडायची. मग सोयाबीन असेल तर ओलावा मोजतात. सरकारी खरेदीची नेहमीची मर्यादा १२ टक्के. वर निघाला की अडत्या, ग्रेडर आणि शेतकरी यांची हुज्जत, आणि ती मिटेपर्यंत गाडी उभी. पुढे हमालांची टोळी दुसऱ्या गाडीवर अडकलेली. टोळी आली तर वाराई कोणी द्यायची यावर खळखळ. शेवटी रिकाम्या गाडीचा काटा, बिल्टीवर सही, आणि बाबूजी जेवायला गेलेले! या सर्व काळात चालकाने झोपावे म्हटले तर झोपता येत नाही. रांग एक गाडी पुढे सरकली की त्यालाही सरकावे लागते, नाही तर नंबर गेला. डिझेल आणि बॅटरी यांच्यावरही नजर ठेवायची. म्हणजे हा माणूस थांबलेला दिसतो, पण तो राखण करीत असतो. आणि मजुरी? ती खेपेवर. दोन तासांत खाली झाला तरी तेवढीच, चौदा तासांनी झाला तरी तेवढीच.

ही रीत आजची नाही. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडची आठवण झाली. १८७० साली जलंब ते खामगाव हा सुमारे आठ मैलांचा लोहमार्ग केवळ कापसासाठी सुरू झाला. बाजारात बैलगाड्यांच्या रांगा लागत. गाडीवान जुवाखाली बैल बांधून गाडीच्या सावलीत पडून राही. बैल गेले, इंजिन आले. पण त्या सावलीत पडलेला माणूस अजून तिथेच आहे.

आता एक चमत्कार पाहा. मालधक्क्यावर वाघीण ठरलेल्या वेळेत रिकामी झाली नाही तर रेल्वे तासातासाचे डॅमरेज घेते, आणि व्यापारी ते मुकाट्याने भरतो. मोठ्या कंत्राटात ट्रक अडकला तर मालकाला हॉल्टिंग मिळते. म्हणजे वाघिणीच्या लोखंडाला थांबण्याचा दर आहे, ट्रकच्या लोखंडालाही आहे. त्या लोखंडात बसलेल्या हाडामांसाच्या माणसाला मात्र नाही. मी कोणाची थट्टा करीत नाही, बाजारातला हिशेब तेवढा सांगतो.

कायदा काय म्हणतो? १९६१ साली संसदेने मोटार वाहतूक कामगारांचा कायदा केला. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती, अशी चांगली कलमे त्यात होती. वाचनालयात मी तो प्रथम वाचला तेव्हा मला आनंद झाला. मालकाच्या दिमतीला असलेला वेळ म्हणजे कामाचा वेळ, अशी व्याख्येची सुरुवात होती. पण पुढे वाचले आणि बसलो. नुसत्या हजेरीचा, म्हणजे तळावर वाट पाहण्याचा काळ, तो पंधरा मिनिटांहून कमी असेल तरच व्याख्येने नाव घेऊन मोजणीत धरला होता. पंधरा मिनिटांच्या पुढे काय? तिथून वादाला वाट मोकळी होती, आणि वादात चालक कधी जिंकत नाही. शिवाय त्या कायद्याला पाच कामगारांची अट होती. आमच्याकडे एकेका मालकाच्या एक नाही तर दोन गाड्या. पुढे तो कायदा २०२० च्या नव्या संहितेत विलीन झाला आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ती संहिता अमलात आली. नाव बदलले; फाटकापुढची रांग मी परवाच पाहून आलो, ती तशीच आहे.

आता जे सांगतो ते सांगणे मला सोपे नाही. कापसाच्या हंगामातील गोष्ट आहे. तेव्हा मी ऐन तिशीच्या अलीकडे होतो. पहाटे सहाला एका प्रेसच्या फाटकावर गाडी लावली, ती रात्री एकला खाली झाली. मालकाचा निरोप होता, आणखी एक खेप मारून मगच घरी जा. मी निघालो. वळणावर डोळा लागला, गाडी खंदकात गेली. मला खरचटले. क्लीनर पोरगा सोळा-सतरा वर्षांचा होता, त्याचा पाय गुडघ्याखाली गेला. दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे कागद आला, अपघात चालकाच्या निष्काळजीपणामुळे झाला असे त्यात लिहिले होते. मी सही केली. नुकसानभरपाईचा कायदा १९२३ पासून होता, पण पोराचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नव्हते. त्याच्या आईला काही नोटा देऊन प्रकरण मिटवले गेले.

तो कागद खोटा नव्हता. माझा डोळा लागला होता. पण तो अर्धा होता. त्याआधीचे एकोणीस तास त्यात नव्हते. मी ते लिहा म्हटले नाही, कारण ते तास मलाही काम वाटत नव्हते. "बसून तर होतो," असे मीच म्हणत होतो. आमच्या गुलामीची मुळी ही आहे.

संघटनेत आलो तेव्हाही ही चूक आम्ही वर्षानुवर्षे केली. दर वेळी मागणी एकच, खेपेचा दर वाढवा. दर वाढला की पोरे खुशीत आणखी एक खेप मारीत, आणि झोप आणखी कमी होई. विजय म्हणून ज्याचे हार घातले, तो घाईचाच दर होता, हे कबूल केले पाहिजे.

१८८९ साली लंडनच्या गोदी कामगारांनी मोठा संप केला. त्यांची तासाला सहा पेन्सची मागणी सर्वांना ठाऊक आहे. पण तिच्या शेजारी दुसरी एक मागणी होती: एकदा कामावर बोलावले तर निदान चार तासांची मजुरी द्या. दारात तिष्ठत ठेवून तासाभराच्या कामाला बोलवायचे, ही रीत त्यांना मोडायची होती. दोन्ही मागण्या त्यांनी मिळवल्या. आपल्याकडेही १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांसाठी मंडळे आली, नोंद आली, मंडळामार्फत मजुरी आली. पोते उचलणाऱ्याच्या घामाची नोंद होऊ शकते, तर ते पोते आणणाऱ्याच्या वेळेची का होऊ नये?

आमचे मागणे फार नाही. प्रत्येक फाटकावर गाडी आल्याची आणि सुटल्याची वेळ चिठ्ठीवर लिहून चालकाच्या हातात द्यावी. पहिल्या दोन तासांनंतरच्या प्रत्येक तासाला मजुरी असावी, आणि ती ज्याच्यामुळे गाडी अडली त्याच्याकडून यावी. एका ट्रकचा मालकही हप्त्यांखाली दबलेला आहे. त्याच्याच मानेवर सारा बोजा टाका, असे मी म्हणत नाही. तिसरे, फाटकाजवळ सावली, पाणी आणि संडास असावा. गेल्या हंगामात एका गोदामाने वेळेची चिठ्ठी देणे मान्य केले. पैसे अजून एकही नाही. पण गंमत अशी की नुसती वेळ लिहिली जाऊ लागली आणि रांग लवकर सरकू लागली. लिहिलेला तास लपवता येत नाही.

आपण श्रोते चालक नाही, वखारवालेही नाही. पण आपल्या घरची तूरडाळ आणि शेतातले खत अशाच एखाद्या रांगेतून आलेले आहे. रात्री एखादा ट्रक वेडावाकडा जाताना दिसला तर "प्यालेला असेल" असे म्हणण्याआधी एवढे विचारा की, हा किती वाजल्यापासून उभा होता?

तो पोरगा आज चाळिशी ओलांडलेला आहे. पानटपरी चालवतो. चिठ्ठी सुरू झाली त्या दिवशी तिचा पहिला कागद मी त्याला दाखवायला नेला. त्याने दोन्ही वेळा वाचल्या, बोटांवर तास मोजले आणि म्हणाला, "दादा, हा कागद तेव्हा पाहिजे होता."