दुसऱ्याच्या सोंगटीत

रविवारी आमच्या घरी ‘तॅलिस्मन’चा पट मांडतात. रॉबर्ट हॅरिस यांचा हा इंग्लंडमधला खेळ १९८३ सालचा. नाव आपल्या ओळखीचंच, अरबी ‘तिलस्म’च्या नात्यातलं. प्रत्येक पात्राचा पत्ता असतो; त्यावर शक्ती, विद्या, प्राण यांचे आकडे. झुंजीत आपला आकडा आणि फाशाचं दान यांची बेरीज करायची. प्राण संपले की पात्र बाद.

धाकट्यानं पुठ्ठा कापून घरचंच एक पात्र केलं : अंगात येणारं भूत. स्वतःची शक्ती एक. पण ज्याला गाठेल त्याला झपाटायचं आणि त्याच्याच बळावर लढायचं. दोन्ही डाव भुतानं जिंकले. झपाटलेली थोरली नुसती बसून राहिली आणि शेवटी उठून गेली.

मला लहानपणी दर्ग्यात पाहिलेल्या, घुमणाऱ्या बायका आठवल्या. अंगात कोण आलंय, त्याचं नाव सगळे विचारायचे. बाईला कुणी काही विचारत नसे.

मग आम्ही पत्त्यावर दोन ओळी वाढवल्या. झपाटलेल्यानं आपल्या प्रत्येक पाळीला भुताशी विद्येची झुंज घ्यायची. जिंकला तर भूत बाहेर आणि भुताचा एक प्राण कमी. शिवाय झपाटलेल्याला बसलेला प्रत्येक घाव भुतालाही बसणार.

‘मग भूत जिंकणार कसं?’ धाकटा कुरकुरला. जिंकतं, पण आता त्याला जपून खेळावं लागतं. थोरली पटाशी परत आली. मागच्या रविवारी तर तिनं भूतच मागून घेतलं.