पहिल्या पगारातील वाटा



‘मोठे झाल्यावर मोठी देणगी देऊ’ असे म्हणता म्हणता देण्याची सवयच लागत नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाकाठी केवळ एक पैसा मागितला. त्या पैसाफंडातून १९०८ साली तळेगावी काचकारखाना उभा राहिला.

ज्या वसतिगृहाने आपणांस आसरा दिला, ते चालविणारे हात आता थकले आहेत. विद्यार्थ्याने महिन्याकाठी एका चहाचे मोल द्यावे. नोकरीस लागलेल्याने पहिल्या पगारातील यथाशक्ती वाटा द्यावा. रक्कम गौण आहे. वर्गणी देणारा सभेला येतो, हिशेब विचारतो, आणि संस्था आपली मानू लागतो. मागून येणाऱ्या मुलांसाठी हे दार उघडे राहावयाचे, तर यंदाच्या वर्गणीवहीत आपले नाव असावे, एवढीच विनंती.