स्मार्टवॉचची बॅटरी टिकत नाही?

सकाळी पूर्ण चार्ज केलेलं स्मार्टवॉच दुपारीच मान टाकत असेल, तर लगेच दुकान गाठू नका. एवढ्यात सॉफ्टवेअर अपडेट झालं होतं का, ते आठवा. अपडेटनंतर एक-दोन दिवस घड्याळ आतल्या आत बरंच काम उरकत असतं. ते एकदा बंद करून चालू करा आणि थोडी वाट बघा.

तरी फरक नाही? मग पहिला संशय पडद्यावर. ‘ऑलवेज ऑन डिस्प्ले’ बंद करा. ओलेड किंवा अ‍ॅमोलेड पडद्यावर काळा भाग उजळतच नाही, त्यामुळे काळी, साधी तबकडी खरोखर वीज वाचवते. रंगीबेरंगी, हलत्या चित्रांची तबकडी दिसते छान, पण फार खर्चिक.

घड्याळ मनगटावरून जरासं उचललंत, की खाली हिरवे दिवे लुकलुकताना दिसतील. ते नाडीचे ठोके मोजतात. काही घड्याळांत ही मोजणी सतत न ठेवता दर १० मिनिटांनी ठेवता येते. डॉक्टरांनी लक्ष ठेवायला सांगितलं असेल, तर मात्र तिला हात लावू नका; त्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या सूचना बंद करा. प्रत्येक सूचनेला घड्याळ थरथरतं, पडदा उजळतो.

घड्याळ जुनं असेल, तर बॅटरीच थकलेली असू शकते. अ‍ॅपल वॉचच्या सेटिंग्जमध्ये ‘बॅटरी हेल्थ’ दिसते. क्षमता ८० टक्क्यांखाली गेली असेल, तर अधिकृत सेवा केंद्रात बॅटरी बदलून घ्या. आणि पडदा कडेने उचललेला दिसला, तर बॅटरी फुगलेली असू शकते. असं घड्याळ पुन्हा चार्जिंगला लावू नका.