दोन अणूंमधली रेघ

हायड्रोजनचे दोन अणू जवळ आले की त्यांची जोडी जमते. हेलियमचे दोन अणू मात्र एकमेकांवर आदळतात आणि आपापल्या वाटेने निघून जातात. असं का व्हावं? शाळेत आपण फळ्यावर हायड्रोजनची दोन अक्षरं काढतो, मध्ये एक आडवी रेघ ओढतो आणि म्हणतो, हा झाला सहसंयुज बंध. पण त्या रेघेत आहे तरी काय?

मिठाचं कोडं सोपं आहे. सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन तो घेतो. एकावर धन भार येतो, दुसऱ्यावर ऋण. आणि विरुद्ध भार एकमेकांना ओढतात. हायड्रोजनचे दोन्ही अणू मात्र अगदी सारखे. कुणी कुणाला काय द्यायचं? १९१६ साली गिल्बर्ट लुइस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने सुचवलं, की दोघे मिळून इलेक्ट्रॉनांची एक जोडी सामाईक ठेवतात. कल्पना नामी होती. पण नुसत्या सामाईकपणाने जोर कुठून येतो? दोन भावांनी विहीर सामाईक ठेवली, म्हणून काही ते एकमेकांना चिकटून बसत नाहीत!

याचं उत्तर १९२७ साली झुरिक येथे वाल्टर हाइटलर आणि फ्रिट्झ लंडन या दोन तरुणांनी काढलं. तेव्हा नव्यानेच आलेली पुंजयामिकी त्यांनी हायड्रोजनच्या रेणूला लावून पाहिली. इलेक्ट्रॉन अणुकेंद्राभोवती गोटीसारखा फिरत नाही. तो ढगासारखा पसरलेला असतो. ढगाच्या या आकाराला कक्षिका म्हणतात. दोन अणू जवळ आले की त्यांच्या कक्षिका एकमेकींत शिरतात. प्रत्येक इलेक्ट्रॉन आपल्याच केंद्रापाशी राहतो असं धरून हिशेब केला, तर ओढ फारच थोडी येते. प्रत्यक्षाच्या जेमतेम विसाव्या हिश्शाइतकी. पण इलेक्ट्रॉनांवर काही नावं लिहिलेली नसतात. इकडचा तिकडे आणि तिकडचा इकडे, हीही मांडणी तितकीच खरी. दोन्ही मांडण्या एकत्र धरल्या, तेव्हा ओढ प्रत्यक्षाच्या सुमारे दोन-तृतीयांशापर्यंत पोहोचली. त्यापूर्वीच्या कोणत्याच गणिताला हे साधलं नव्हतं.

मग दोन्ही अणू एकमेकांत पार मिसळून का जात नाहीत? कारण केंद्रं फार जवळ आली की त्यांचे धन भार एकमेकांना लोटू लागतात. ओढ आणि लोट यांचा तोल जिथे साधतो, तिथे अणू थांबतात. हायड्रोजनमध्ये हे अंतर ०.७४ अँगस्ट्रॉम आहे. आणि एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग!

आता हेलियमकडे वळू. पाउलीच्या १९२५ सालच्या नियमाप्रमाणे एका कक्षिकेत दोनच इलेक्ट्रॉन मावतात, आणि त्यांचं परिवलन परस्परविरुद्ध असावं लागतं. हेलियमची कक्षिका आधीच भरलेली. एकटा इलेक्ट्रॉनच उरलेला नाही, मग जोडी जमणार कशी?

याच न्यायाने कार्बनकडे पाहिलं, तर पेच पडतो. त्याच्याकडे एकटे इलेक्ट्रॉन दोन, पण तो बंध जोडतो चार! गोबर गॅसमधला मिथेन पाहा: एका कार्बनभोवती चार हायड्रोजन, आणि चारही बंध हुबेहूब सारखे. १९३१ साली लायनस पॉलिंग यांनी याचा उलगडा केला. कार्बनच्या जोडीतला एक इलेक्ट्रॉन वरच्या रिकाम्या कक्षिकेत चढतो. त्याला ऊर्जा खर्ची पडते खरी, पण दोन जादा बंध मिळाल्याने ती व्याजासकट परत येते. मग एक गोल आणि तीन डमरूसारख्या कक्षिका मिसळून चार सारख्या कक्षिका होतात. यालाच संकरण म्हणतात. त्या एकमेकींशी १०९.५ अंशांचा कोन करतात. हिऱ्यातला प्रत्येक कार्बन असाच चारी बाजूंनी जखडलेला असतो, म्हणून हिरा इतका कठीण. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमध्ये तिघांचंच संकरण होतं आणि सपाट थर बनतात. ते सहज सुटतात, म्हणून कागदावर अक्षर उमटतं. पदार्थ एकच, फरक फक्त बंधांच्या दिशेचा.

या सिद्धांताने सगळंच सुटलं, असं मात्र समजू नका. ऑक्सिजनच्या रेणूत सगळे इलेक्ट्रॉन जोडीने आहेत, असं ही साधी मांडणी सांगते. तसं असेल तर चुंबकाने त्याला ओढता कामा नये. पण द्रवरूप ऑक्सिजन जोरदार चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ओतला, की तो तिथेच अडकून राहतो. त्याच्यात दोन इलेक्ट्रॉन एकटे आहेत, हे हुंड आणि मलिकन यांच्या रेणु-कक्षिका सिद्धांताने स्पष्ट केलं. पॉलिंग यांना १९५४ साली नोबेल पारितोषिक मिळालं, मलिकन यांना १९६६ साली. आज रसायनशास्त्रज्ञ दोन्ही सिद्धांत वापरतात. बंधाची दिशा आणि रेणूचा आकार समजून घ्यायचा, तर पहिला सोयीचा. चुंबकत्व आणि रंग यांचा विचार करायचा, तर दुसरा.

तेव्हा घरातल्या मुलाने वहीत ती रेघ ओढली, तर त्याला एवढं जरूर विचारा: या रेघेत इलेक्ट्रॉन किती, आणि हेलियमला ती का काढता येत नाही? याचं उत्तर त्याला स्वतःच्या शब्दांत देता आलं, तर पुढची सूत्रं त्याला घोकावी लागणार नाहीत.