यंत्र विकत मिळते, कामाची घडी बसवावी लागते
(विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



डिजिटल छायाचित्रण आणि डिझाईन यांच्या कामाची स्वतःची पद्धत कशी बसवावी, असा विषय आज माझ्याकडे आला आहे. या पद्धतीला हल्ली 'वर्कफ्लो' म्हणतात. आपण तिला 'कामाची घडी' म्हणू. विषय तंत्राचा वाटला तरी तो पोटापाण्याचा आणि विश्वासाचा आहे. आपल्यातील कितीतरी तरुण आज निकाह-वलीम्याची छायाचित्रे काढतात, लग्नपत्रिका, दुकानांचे फलक आणि प्रमाणपत्रे तयार करतात. त्यांतील काही जण थोड्या वर्षांत नाव कमावतात, तर काही कॅमेरा विकून दुसरे काम शोधतात. दोघांचे कॅमेरे पुष्कळदा सारखेच असतात. फरक पडतो तो कामाच्या घडीने.

या विद्येचा इतिहास पाहिला तरी हेच दिसते. बसरा येथे जन्मलेले आणि पुढे कैरो येथे राहिलेले इब्न अल-हैसम यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी 'किताब अल-मनाझिर' हा प्रकाश आणि दृष्टी यांवरील ग्रंथ लिहिला. छिद्रासमोर अनेक दिवे ठेवून अंधाऱ्या जागेत त्यांचे ठिपके कोठे पडतात हे त्यांनी पाहिले. मग एक दिवा झाकला की नेमका त्याचाच ठिपका नाहीसा होतो, हे दाखवून दिले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय घडते ते पाहायचे, ही त्यांची रीत ध्यानात ठेवा. तिचा उपयोग पुढे सांगणार आहे.

१९७५ साली कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याचे चित्र अवघ्या दहा हजार बिंदूंचे होते आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. आज २४ मेगापिक्सेलचा साधा कॅमेरा २ कोटी ४० लाख बिंदू क्षणात टिपतो, म्हणजे २४०० पट अधिक. फिल्मच्या रोलवर ३६ चित्रे बसत, त्यामुळे माणूस विचार करून बटण दाबी. आज एका समारंभात दीड-दोन हजार चित्रे सहज निघतात. यंत्राने आपल्यावरचे बंधन काढून घेतले. ते बंधन आता आपणच आपल्याला घालून घ्यायचे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आता प्रत्यक्ष कामाचा क्रम पाहू.

पहिली पायरी कामाला निघण्यापूर्वीची. बॅटऱ्या भरलेल्या आहेत का, कार्ड मोकळे आहे का आणि कॅमेऱ्यातील तारीख-वेळ बरोबर आहे का, हे पाहावे. दोन कॅमेरे असतील तर दोघांची वेळ जुळवून घ्यावी, नाहीतर नंतर प्रसंगांचा क्रम लावताना तासन् तास जातात. घरातील कोणाकोणाची छायाचित्रे हवीत, त्यांची यादी वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्यावी. कोणाची काढायची नाहीत, हेही त्याच वेळी विचारावे.

दुसरी पायरी प्रतींची. घरी आल्यावर कितीही उशीर झाला तरी कार्डावरील सर्व चित्रे संगणकावर घ्यावीत आणि लगेच दुसऱ्या डिस्कवर उतरवावीत. दोन्हीकडची संख्या ताडून पाहावी, काही चित्रे उघडून पाहावीत आणि मगच कार्ड कोरे करावे. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचारात आणलेला ३-२-१ हा नियम जगभर पाळला जातो : प्रती तीन, साधने दोन प्रकारची आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. ही दुसरी जागा म्हणजे मामाचे घर असले तरी चालेल.

हा नियम किती मोलाचा आहे, ते 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाच्या हकिकतीवरून कळते. १९९८ साली पिक्सार कंपनीत एका चुकीच्या आज्ञेने या चित्रपटाच्या फायली पुसल्या जाऊ लागल्या. राखीव प्रती काढणारी व्यवस्था नीट चालत नव्हती, हे तेव्हाच लक्षात आले. गॅलिन सुसमन या बाई घरी तान्हे बाळ असल्यामुळे घरून काम करीत. त्यांच्या घरच्या संगणकावरील प्रतीमुळे काम वाचले. एवढ्या मोठ्या कंपनीवर ही वेळ येते, तर आपण एका कार्डावर विसंबून कसे राहावे ?

तिसरी पायरी नाव देण्याची. 'नवीन फोल्डर', 'फायनल', 'फायनल नवीन' अशी नावे म्हणजे पुढच्या गोंधळाची बेगमी. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी कामाचे नाव, उदाहरणार्थ '२०२४-०२-११-निकाह', असे लिहिले की संगणक आपोआप कालक्रम लावतो. नोंदीची ही सवय जुनीच आहे. हैदराबादच्या निजामांचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ १९०५ साली वारले. त्यांच्या छायाचित्रांवर निगेटिव्हचे क्रमांक घातलेले दिसतात आणि त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपलेल्या आहेत. क्रमांक घातलेली वस्तू शंभर वर्षांनीही सापडते. बिननावाची वस्तू मात्र आठवड्यात हरवते.

चौथी पायरी निवडीची. पहिल्या फेरीत फक्त हललेली, मिटल्या डोळ्यांची आणि दुबार चित्रे बाजूला काढावीत. दुसरी फेरी शक्यतो दुसऱ्या दिवशी, ताज्या नजरेने करावी. ग्राहकाला दीड हजार चित्रे देणे म्हणजे आपले काम त्याच्या गळ्यात मारणे होय. वेचक दोनशे चित्रे तो आवडीने पाहील.

पाचवी पायरी दुरुस्तीची. आधी रंगांचा समतोल, मग उजेड-सावली, मग चौकट, मग डाग आणि अगदी शेवटी रेखीवपणा, असा एक क्रम ठरवून ठेवावा. शक्य असेल तेथे 'रॉ' प्रकारची फाईल घ्यावी. जेपेग फाईलमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा असतात, तर १४ बिटांच्या रॉ फाईलमध्ये १६,३८४ छटा नोंदता येतात. नवरदेवाच्या पांढऱ्या शेरवानीवरचे भरतकाम जेपेगमध्ये एकदा पांढरेफटक झाले की परत येत नाही, रॉमध्ये ते पुष्कळदा सावरता येते. मूळ फाईलला हात लावू नये, दुरुस्ती नेहमी प्रतीवर करावी. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. मुलीचा वर्ण उजळ करून देण्याची चढाओढ आपल्या तरुणांनी करू नये. तिचा चेहरा तिचाच राहू द्यावा.

सहावी पायरी डिझाईनची. संगणक उघडण्यापूर्वी कागदावर पेन्सिलीने दोन-तीन कच्चे आराखडे काढावेत. पत्रिकेचा मजकूर ग्राहकाकडून लेखी घ्यावा, कारण नावातील एक अक्षर चुकले तर सगळी छपाई वाया जाते. मराठी आणि उर्दू दोन्ही मजकूर युनिकोड टंकांत बसवावेत. मुंबईच्या 'एक टाईप' या संस्थेचा 'बलू' हा देवनागरी टंक आणि 'नोटो नस्तालीक उर्दू' हा उर्दू टंक विनामूल्य मिळतात. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते. म्हणून अक्षरे तुटली नाहीत ना, जोडाक्षरे फुटली नाहीत ना, हे ती भाषा वाचणाऱ्याकडून तपासून घ्यावे. छपाईसाठी इंचाला ३०० बिंदू धरतात. १२ बाय १८ इंचांच्या अल्बमच्या पानाला त्या हिशेबाने ३६०० बाय ५४०० बिंदू लागतात. कागद कापताना पांढरी कड राहू नये म्हणून चारी बाजूंना ३ मिलिमीटर रंग जास्त सोडावा. पडद्यावरचे रंग प्रकाशाचे असतात आणि छापखान्यातील रंग चार शायांचे, म्हणून पडद्यावर झळाळणारा निळा कागदावर मंद दिसतो. यास्तव आधी एक नमुना छापून त्यावर ग्राहकाची सही घ्यावी. पुढचे वाद त्या सहीने टळतात.

शेवटची पायरी सुपूर्द करण्याची आणि जपणुकीची. लोकांच्या घरातील चेहरे आपल्या संगणकात असतात, ती आपल्याकडची अमानत आहे. ग्राहकाची परवानगी लेखी घेतल्याशिवाय त्याच्या घरच्या मंडळींचे चित्र आपल्या जाहिरातीत किंवा मोबाईलवर फिरवू नये. दुरुस्तीला संगणक देताना ही चित्रे त्यात उघडी ठेवू नयेत. या धंद्यात नाव होते ते याच गोष्टींमुळे.

आता 'स्वतःची' या शब्दाबद्दल. मी सांगितलेला क्रम जसाच्या तसा उतरवून घेऊन चालणार नाही. लग्नाची छायाचित्रे काढणाऱ्याची घडी वेगळी, दुकानातील मालाची चित्रे काढणाऱ्याची वेगळी. यासाठी एक साधी वही करावी. प्रत्येक कामात कोणत्या पायरीला किती वेळ गेला, अडले कोठे, ग्राहकाने काय परत पाठवले, ते तीत लिहावे. पाच कामे झाली की वही वाचावी आणि पुढच्या कामात एकच गोष्ट बदलून पाहावी. इब्न अल-हैसम एकच दिवा झाकीत, तसे. सगळे एकदम बदलले तर कशाने सुधारले हे कळत नाही.

पालकांना माझी विनंती आहे की मुलाने मागितला म्हणून कर्ज काढून महागडा कॅमेरा घेऊ नका. हातातील मोबाईलवर आणि गिंप, इंकस्केप, डार्कटेबल या विनामूल्य प्रणालींवर ही सारी शिस्त शिकता येते. खर्च करायचाच असेल तर आधी प्रती ठेवण्यासाठी एक डिस्क घ्या. कल दिसला तर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना मुलांना बसवा. यात मुलींना मागे ठेवू नका. नवसारीत १९१३ साली जन्मलेल्या होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या आणि भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या. आपल्याकडे स्त्रियांच्या समारंभात छायाचित्रे काढणारी मुलगी हवी, असे अनेक घरांतून सांगितले जाते. तेव्हा कामाची वाण नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आजच घरी जाऊन करता येईल असे एक काम सांगून थांबतो. पेटीतील जुनी छायाचित्रे बाहेर काढा. स्कॅनर मिळाला तर इंचाला ६०० बिंदूंनी, नाहीतर खिडकीच्या उजेडात मोबाईलने त्यांच्या प्रती घ्या. मग आजी-आजोबांजवळ बसून प्रत्येक चेहऱ्याचे नाव, गाव आणि अदमासे वर्ष विचारून लिहून ठेवा. फायलींना नावे द्या आणि तीन प्रती करा. एवढ्या एका कामात सगळ्या पायऱ्यांचा सराव होईल. डिस्क बाजारात केव्हाही मिळेल, परंतु ते चेहरे ओळखणारी माणसे घरात आहेत तोवरच ही नावे लिहून घेता येतील.