ठिबकणारा गिझर

जामखेडकडे थंडी पडली की प्लंबरला उसंत नसते. तक्रार ठरलेली: गिझरखालच्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतंय. आणि उपायही घरमालकानंच ठरवून ठेवलेला असतो, ‘एक बूच मारून द्या, विषय संपला.’ आज मी त्या बुचाविरुद्ध बोलणार आहे.

पाणी तापलं की फुगतं. 25 लिटरच्या गिझरमधलं पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर गेलं, की साधारण पावणेचारशे मिलिलिटर जास्तीची जागा मागतं. ती मिळाली नाही, तर टाकीतला दाब चढत जातो. आपल्या जुन्या तांब्याच्या बंबाला ही पंचाईत नव्हती. त्याचं पाणी ओतायचं तोंड उघडंच, दाब साठणार कुठे? साध्या जोडणीत गिझरचं फुगलेलं पाणी आल्या पाइपानं गच्चीवरच्या टाकीकडे मागे सरकतं. पण मध्ये नॉन रिटर्न व्हॉल्व्ह असला की ती वाट बंद. प्रेशर पंप बसवलेल्या घरांत तर तो असतोच. मग उरतो सेफ्टी व्हॉल्व्ह. तो थेंब थेंब सोडतो आणि टाकी वाचवतो.

तेव्हा आधी बघा, ठिबकतं कधी? गिझर तापतानाच ठिबकत असेल आणि नंतर थांबत असेल, तर बिघाड नाही. त्या तोंडाला नळी लावा, मोरीत सोडा. नळीचं दुसरं टोक मात्र उघडं हवं. गिझर बंद असतानाही दिवसभर ठिबकत असेल, तर दोन शक्यता. बोअरच्या पाण्यातल्या क्षाराचा कण व्हॉल्व्हमध्ये अडकलाय, किंवा मुळात पंपाचाच दाब जास्त आहे. दहा मीटर उंचीवरच्या टाकीचा दाब जेमतेम 1 बार, म्हणजे पंपवाल्यांच्या भाषेत एक किलो. एकमजली घराला तर त्याच्या निम्माच. पंप मात्र त्याच्या कितीतरी पट दाब देऊ शकतो. म्हणून पंपाचा काटा बघितल्याशिवाय व्हॉल्व्ह बदलायला पैसे घालू नका.

नळातून पाण्याऐवजी वाफ फुसफुसायला लागली, तर गोष्ट वेगळी. थर्मोस्टॅट गेलाय. मेन स्विच पाडा, गिझर गार होऊ द्या, तोवर हात लावू नका.

आता पंपाकडे वळू. प्रेशर पंपाशेजारी गोल टाकी असते, तिच्यात रबरी पिशवी आणि तिच्याभोवती हवा. इंग्लंडमधल्या आपल्या मंडळींच्या घरी, खोल्या गरम करणाऱ्या बॉयलरलाही अशीच टाकी असते, फुगलेलं पाणी सामावायला. तिथं गार असताना काटा 1 ते दीड बारवर असतो. तापल्यावर तो 3 कडे धावला, की संशय टाकीतल्या हवेवर. आपल्याकडे हवा गेल्याची खूण म्हणजे नळ जरासा उघडला तरी पंप चालू-बंद, चालू-बंद. पंपाची वीज बंद करा. टाकीला मोटारसायकलच्या ट्यूबसारखा वॉल असतो, त्याची पिन क्षणभर दाबा. हवा आली तर ठीक. हवा कमी असेल तर टाकीतलं पाणी काढून ती भरता येते. पाणी आलं, तर पिशवी फाटली.

सोलरवाल्यांसाठी एकच. गच्चीवर उभा असलेला उघडा पाइप पाणी उडतंय म्हणून बंद करू नका, त्याची उंची गार पाण्याच्या टाकीपेक्षा वर न्या. तो बुजला तर दाब वाढतोच, शिवाय टाकी रिकामी होताना आत हवा शिरत नाही आणि पत्रा चेपतो.